अब्लाय खान

अब्लाय खान (जन्म : १७११, मृत्यू : १७८१) हा अठराव्या शतकातील कझाक शासक, सेनानी व मुत्सद्दी होता. त्याचे मूळ नाव अबुलमन्सूर असे होते. विखुरलेल्या कझाक जमातींना झुंगारांच्या आक्रमणाविरुद्ध एकत्र आणणारा आणि पुढे रशिया व चीन या दोन साम्राज्यांच्या मध्ये राहून कझाकांचे स्वातंत्र्य बऱ्याच अंशी टिकवणारा नेता म्हणून तो ओळखला जातो. तिन्ही कझाक जूझांनी मान्य केलेला तो अखेरचा खान मानला जातो. त्याच्या तरुणपणावर आधारित ‘नोमॅड’ हा ऐतिहासिक चित्रपट २००५ साली प्रदर्शित झाला.

पार्श्वभूमी

कझाक समाज तीन मोठ्या गटांत विभागलेला होता. या गटांना जूझ म्हणत. थोरला जूझ दक्षिण व आग्नेय भागात, मधला जूझ मध्य व ईशान्य भागात, तर धाकटा जूझ पश्चिमेकडे उरल नदीपर्यंत पसरलेला होता. प्रत्येक जूझात अनेक जमाती असत. मेंढ्या, घोडे व उंट यांचे कळप घेऊन ऋतुमानानुसार त्या एका कुरणातून दुसऱ्या कुरणात जात. खान होण्यासाठी चंगीझ खानाच्या वंशात जन्म होणे आवश्यक असे. या वंशातील लोकांना ‘अक सुयेक’ म्हणजे ‘पांढरे हाड’ असे संबोधले जाई. खानाची सत्ता मात्र जमातींचे प्रमुख, न्यायनिवाडा करणारे ‘बी’ आणि ‘बातिर’ म्हणून ओळखले जाणारे वीर यांच्या संमतीवर अवलंबून असे.

कझाकांच्या पूर्वेला ओइरात मंगोलांचे झुंगार राज्य होते. १७२३ साली झुंगारांनी कझाक प्रदेशावर मोठा हल्ला केला. गुरेढोरे मागे टाकून हजारो कुटुंबे पश्चिमेकडे व दक्षिणेकडे पळाली. वाटेत भूक, थंडी व रोगराई यांनी असंख्य माणसे दगावली. कझाकांच्या स्मृतीत हा काळ ‘अकताबान शुबिरिंदी’ या नावाने राहिला आहे. तळपाय पांढरे पडेपर्यंत चालत राहणे असा त्याचा आशय आहे. ताश्कंद व तुर्किस्तान ही शहरेही या काळात कझाकांच्या हातून गेली.

जन्म व बालपण

अबुलमन्सूरचा जन्म सुलतान घराण्यात झाला. त्याच्या आजोबांचे नावही अब्लाय होते. झुंगारांच्या हल्ल्यात त्याचे कुटुंब मारले गेले व तो लहानपणीच पोरका झाला. लोकपरंपरेनुसार ओराझ नावाच्या एकनिष्ठ सेवकाने त्याला वाचवून थोरल्या जूझातील नामवंत बी तोले यांच्याकडे आणले. आपले कूळ लपवून तो तेथे गुराखी म्हणून राहिला. अंगावरील फाटके कपडे व वाढलेले केस पाहून तोले बी यांनी त्याला ‘सबालाक’, म्हणजे झिपऱ्या, असे नाव दिले, असे सांगितले जाते.

उदय

१७२९-३० च्या सुमारास बल्खाश सरोवराच्या दक्षिणेस अनिराकाई येथे तिन्ही जूझांच्या एकत्रित फौजेने झुंगारांचा पराभव केला. या फौजेचे नेतृत्व धाकट्या जूझाचा खान अबुलखैर याच्याकडे होते. याच काळातील एका लढाईआधी झालेल्या द्वंद्वयुद्धात तरुण सबालाकने झुंगार वीर शारिश याला ठार केले, अशी परंपरा आहे. शारिश हा झुंगार शासक गाल्दान त्सेरेन याचा जवळचा नातलग समजला जातो. शत्रूवर चाल करताना सबालाकने आपल्या आजोबांच्या नावाचा घोष केला आणि तेव्हापासून लोक त्याला अब्लाय म्हणू लागले.

विजयानंतर कझाक खानांमधील ऐक्य टिकले नाही. अबुलखैर पश्चिमेकडे निघून गेला व १७३१ मध्ये त्याने रशियाचे मांडलिकत्व पत्करले. मधल्या जूझात अबुलमाम्बेत हा खान होता. परंतु सैन्य व राजकारण यांचा भार हळूहळू अब्लाय सुलतानाकडे आला. काबानबाय, बोगेनबाय यांसारखे बातिर त्याचे सहकारी होते, तर बुखार जिराऊ हा कवी त्याचा सल्लागार होता. १७४० मध्ये अबुलमाम्बेत व अब्लाय या दोघांनी ओरेनबर्ग येथे रशियाशी निष्ठेची शपथ घेतली. पूर्वेकडून झुंगारांचा धोका असताना पश्चिमेकडील सीमा शांत ठेवणे हा त्यामागील मुख्य हेतू होता.

झुंगारांची कैद

या शपथेनंतर लवकरच झुंगारांनी पुन्हा चढाई केली आणि अब्लाय त्यांच्या हाती सापडला. त्याच्या सुटकेसाठी कझाकांनी शिष्टमंडळ पाठवले, तर रशियाने मेजर कार्ल मिलर याच्यामार्फत बोलणी केली. १७४३ मध्ये त्याची सुटका झाली.

कैदेचा हा काळ अब्लायच्या जडणघडणीत महत्त्वाचा ठरला. झुंगार सरदार, त्यांचे आपसांतील हेवेदावे व त्यांची भाषा यांची त्याला जवळून ओळख झाली. पुढे कझाक सुलतानांनी चीनच्या चिंग दरबाराला पाठवलेली सुरुवातीची बरीचशी पत्रे ओइरात भाषेत आहेत. बीजिंगच्या ऐतिहासिक दप्तरखान्यात ती जतन केलेली आहेत.

झुंगार राज्याचा अंत

१७४५ मध्ये गाल्दान त्सेरेनचा मृत्यू झाला व त्याच्या वारसांमध्ये यादवी सुरू झाली. सत्तेचे दावेदार दावाची व अमुरसना हे पळून कझाक प्रदेशात आले, तेव्हा अब्लायने त्यांना आश्रय दिला. पुढे दावाची गादीवर बसला. त्याच्याशी बिनसल्यावर अमुरसना चीनच्या सम्राटाकडे गेला. १७५५ मध्ये सम्राट छ्यान्लोंगच्या सैन्याने झुंगार राज्य जिंकले. त्यानंतर अमुरसनाने चिंग सत्तेविरुद्धच बंड केले आणि पराभूत होऊन तो पुन्हा अब्लायकडे आला. त्याचा पाठलाग करत चिंग सैन्य १७५६ मध्ये कझाक प्रदेशात शिरले व अब्लायला त्याच्याशी लढावे लागले. अमुरसना अखेर रशियात पळाला व १७५७ मध्ये तोबोल्स्क येथे देवीच्या रोगाने मरण पावला.

१७५५ ते १७५८ या काळात युद्ध, कत्तल, उपासमार व देवीची साथ यांमुळे झुंगार लोकसंख्येचा फार मोठा भाग नष्ट झाला. कझाकांचा अनेक पिढ्यांचा शत्रू अशा रीतीने नाहीसा झाला. परंतु त्याच्या जागी कितीतरी अधिक बलाढ्य साम्राज्य कझाकांच्या सीमेवर येऊन उभे राहिले.

दोन साम्राज्यांच्या मध्ये

चिंग सैन्याशी दीर्घकाळ लढणे शक्य नाही, हे ओळखून अब्लायने १७५७ मध्ये तह केला व सम्राटाचे नाममात्र आधिपत्य मान्य केले. रशियाशी घेतलेली शपथही त्याने मोडली नाही. एकाच वेळी दोन सम्राटांचा मांडलिक म्हणवून घेणारा हा सुलतान प्रत्यक्षात दोघांनाही आपल्या अंतर्गत कारभारात फारसा हस्तक्षेप करू देत नसे.

या धोरणाचा कझाकांना ठोस लाभ झाला. १७५८ पासून उरुम्ची येथे चीनशी व्यापार सुरू झाला. कझाक तेथे घोडे नेत आणि रेशीम व कापड आणत. दुसरीकडे रशियाच्या सीमेवरील किल्ल्यांमध्ये धान्य व धातूच्या वस्तू मिळत. झुंगारांच्या काळात गमावलेल्या पूर्वेकडील कुरणांमध्ये कझाक पुन्हा जाऊ लागले. चिंग अधिकाऱ्यांनी आधी त्यांना हटकले. नंतर शंभर जनावरांमागे एक जनावर कर म्हणून घेऊन तेथे हिवाळी मुक्कामाची परवानगी दिली.

अब्लायच्या सर्व मोहिमा बचावाच्या नव्हत्या. दक्षिणेकडील शहरांवरील हक्कासाठी तो कोकंदच्या शासकांशी लढला. किर्गिझांविरुद्धही त्याने अनेक स्वाऱ्या केल्या. कझाक कथांमध्ये वीर म्हणून गौरवला गेलेला अब्लाय किर्गिझांच्या आठवणीत आक्रमक म्हणून राहिला आहे.

१७७१ मध्ये व्होल्गाकाठचे काल्मिक लोक रशियाच्या जाचाला कंटाळून आपल्या पूर्वजांच्या झुंगार भूमीकडे निघाले. दीड लाखाहून अधिक माणसांचा हा जथा कझाक प्रदेशातून जात असताना कझाकांनी त्याच्यावर वारंवार हल्ले केले. या मोहिमेत अब्लायचा प्रमुख सहभाग होता. निघालेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोक चीनच्या हद्दीत पोहोचू शकले. स्थलांतरात उद्ध्वस्त होण्याचे जे दुःख कझाकांनी १७२३ मध्ये भोगले, तेच आता त्यांच्या हातून दुसऱ्या भटक्या समाजाच्या वाट्याला आले.

खानपद

अबुलमाम्बेतच्या मृत्यूनंतर १७७१ मध्ये तुर्किस्तान शहरात अब्लायची खान म्हणून निवड झाली. प्रथेप्रमाणे त्याला पांढऱ्या नमद्यावर बसवून उचलण्यात आले. चिंग दरबाराने त्याच्या पदाला मान्यता दिली. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने मात्र १७७८ मध्ये केवळ मधल्या जूझाचा खान म्हणून सनद दिली. सनद व मानाची वस्त्रे घेण्यासाठी त्याने रशियन किल्ल्यात येऊन नव्याने शपथ घ्यावी, अशी अट होती. जनतेने आपल्याला आधीच खान निवडले आहे, अशी भूमिका घेऊन तो तेथे गेला नाही.

त्याने खानाची सत्ता अधिक मजबूत करण्याचा प्रयत्न केला. जमातीच्या बंधनांपासून मुक्त आणि थेट खानाशी बांधील असलेले ‘तुलेंगुत’ हे सेवक-सैनिक त्याने वाढवले. त्यामुळे बी व जमातप्रमुखांचे अधिकार कमी झाले. तथापि ही व्यवस्था त्याच्या व्यक्तिगत प्रभावावर उभी होती. स्थायी राजधानी, नोकरशाही किंवा नियमित सैन्य तो उभारू शकला नाही.

मृत्यू आणि वंशज

१७८१ मध्ये अब्लायचे निधन झाले. तुर्किस्तान येथील सूफी संत खोजा अहमद यसवी यांच्या समाधिवास्तूत त्याचे दफन करण्यात आले. ही वास्तू २००३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

त्याचा मुलगा वाली हा मधल्या जूझाचा खान झाला. परंतु तिन्ही जूझांना एकत्र ठेवणे त्याला जमले नाही. १८२२ मध्ये रशियाने मधल्या जूझातील खानपदच रद्द केले. अब्लायचा नातू केनेसारी कासिमोव याने १८३७ ते १८४७ या काळात रशियाविरुद्ध मोठा उठाव केला. या लढ्याच्या अखेरीस किर्गिझांनी त्याला ठार केले. पणतू शोकान वालीखानोव (१८३५-१८६५) हा रशियन सैन्यातील अधिकारी, प्रवासी व मानववंशशास्त्रज्ञ होता. अब्लायविषयीच्या मौखिक कथा लिहून ठेवण्याचे महत्त्वाचे काम त्याने केले.

चित्रपट आणि इतिहास

कझाक कादंबरीकार इलियास येसेनबेर्लिन यांनी कझाक खानांच्या इतिहासावर ‘कोशपेन्दिलेर’ (भटके) ही कादंबरीत्रयी लिहिली. तिच्या दुसऱ्या भागात अब्लायचा काळ येतो. २००५ च्या ‘नोमॅड’ चित्रपटाचे कझाक नावही हेच आहे. कझाकस्तान सरकारच्या अर्थसाहाय्याने तयार झालेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन सर्गेई बोद्रोव, इव्हान पासर व तालगत तेमेनोव यांनी केले. पटकथा रुस्तम इब्रागिमबेकोव यांची आहे. मन्सूरची, म्हणजेच तरुण अब्लायची, भूमिका मेक्सिकन अभिनेता कुनो बेकर याने केली. कार्लो सिलिओत्तो यांच्या संगीताला गोल्डन ग्लोब पुरस्कारासाठी नामांकन मिळाले.

चित्रपटाने लोककथेचा धागा धरला आहे. त्यात ओराझ हा सेवक नसून निरनिराळ्या जमातींतील मुलांना एकत्र वाढवणारा गुरू आहे. शारिशशी द्वंद्व, कैद व सुटका हे प्रसंग अल्प काळात घडतात आणि तुर्किस्तानच्या रक्षणासाठी जमाती एक होतात, तेथे कथा संपते. प्रत्यक्षात द्वंद्वयुद्ध व कैद यांमध्ये सुमारे दहा वर्षांचे अंतर मानले जाते. झुंगार राज्याचा अंत कझाकांच्या विजयाने नव्हे, तर यादवी व चिंग आक्रमण यांमुळे झाला. अब्लायला खानपद मिळाले तेव्हा तो साठीचा होता. तोपर्यंतच्या चार दशकांत युद्धांइतकाच वाटा तह, पत्रव्यवहार, ओलीस व व्यापार यांचा होता. पडद्यावर एका लढाईत साधलेले ऐक्य प्रत्यक्षात अनेक वर्षांच्या वाटाघाटींतून आकाराला आले आणि त्याच्या मृत्यूनंतर ओसरले.

स्मृती

सोव्हिएत काळात अब्लायकडे मुख्यतः सरंजामी शासक म्हणून पाहिले जाई. १९९१ मध्ये कझाकस्तान स्वतंत्र झाल्यावर त्याला राष्ट्रपुरुषाचे स्थान मिळाले. १९९३ मध्ये तेंगे हे राष्ट्रीय चलन सुरू झाले, तेव्हा १०० तेंगेच्या नोटेवर अब्लायचे व १० तेंगेच्या नोटेवर शोकान वालीखानोवचे चित्र होते. अल्माटी शहरातील एक प्रमुख रस्ता व तेथील आंतरराष्ट्रीय संबंध आणि जागतिक भाषांचे विद्यापीठ यांना अब्लाय खानाचे नाव देण्यात आले आहे. त्याच शहरातील अल्माटी-२ रेल्वे स्थानकासमोर त्याचा अश्वारूढ पुतळा आहे.