मेरी एलायझा महोनी

आजाऱ्याच्या उशाशीं बसून त्याची शुश्रूषा करणें हें थोर काम आहे, हें सर्व जण कबूल करितात. परंतु तें काम शिकण्याचा अधिकार कोणास असावा, या प्रश्नावरून पुष्कळ देशांत फार दिवस भेदभाव चालला. अमेरिकेंत हा भेद कातडीच्या रंगावरून पाळीत असत. त्या देशांत परिचारिकेचें रीतसर शिक्षण पुरें करणारी पहिली कृष्णवर्णी स्त्री म्हणून मेरी एलायझा महोनी यांचें नांव प्रसिद्ध आहे. त्यांचें चरित्र वाचकांस बोधप्रद वाटेल, म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

मेरीचा जन्म इ. स. १८४५ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील बॉस्टन शहरापाशीं झाला. तिचे आईबाप नॉर्थ कॅरोलायना या दक्षिणेकडील प्रांतांतून आलेले, गुलामगिरींतून मुक्त झालेले लोक होते. मेरी वीस वर्षांची झाली त्याच सालीं, म्हणजे १८६५ सालीं, साऱ्या अमेरिकेंतील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. पण कायदा एका दिवसांत बदलतो, तसें माणसाचें मन बदलत नाहीं. कृष्णवर्णी मुलींच्या वांट्यास बहुधा स्वयंपाक, धुणें व झाडलोट हींच कामें येत.

बॉस्टन येथें १८६२ सालीं स्त्रिया व मुलें यांच्याकरितां एक इस्पितळ निघालें होतें. त्याची स्थापना मेरी झाक्रझेव्स्का या डॉक्टर बाईंनीं केली. त्या काळीं पुरुषांचीं इस्पितळें स्त्री डॉक्टरांस सहसा आंत घेत नसत, म्हणून स्त्रियांनीं आपलें निराळें इस्पितळ उभारिलें. तेथें १८७२ सालीं परिचारिकांची शाळा सुरू झाली. जो स्वतः बंद दाराबाहेर ताटकळला आहे, त्यास दुसऱ्याचें ताटकळणें लवकर कळतें.

याच इस्पितळांत मेरीबाई सुमारें १५ वर्षें नोकरीस होत्या. त्यांनीं चुलीपुढें काम केलें, कपडे धुतले, फरशी पुसली व परिचारिकांच्या हाताखालीं मदतही केली. अखेर २३ मार्च १८७८ रोजीं, वयाच्या ३३ व्या वर्षीं, त्यांस शाळेंत प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम १६ महिन्यांचा होता व तो फार कठीण होता. पहांटे साडेपांचपासून रात्रीं साडेनऊपर्यंत काम चाले. शस्त्रक्रियेचे रोगी, इतर रोगी व बाळंतिणी अशा सर्वांची शुश्रूषा शिकावी लागे, डॉक्टरांचीं व्याख्यानें ऐकावीं लागत, आणि शेवटचे कांहीं महिने लोकांच्या घरीं जाऊन काम करावें लागे. प्रवेश घेतलेल्या बहुतेक मुली मध्येंच सोडून गेल्या. शेवटपर्यंत टिकल्या त्या मोजक्याच. त्यांत अंगानें लहानखोर अशा मेरीबाई होत्या. १ ऑगस्ट १८७९ रोजीं त्यांस दाखला मिळाला. गोऱ्या विद्यार्थिनींस जो अभ्यास व जे तास होते, तेच त्यांसही होते; म्हणून त्या दाखल्याचें मोल कोणास कमी म्हणतां येत नव्हतें.

परंतु शिक्षण मिळालें म्हणजे मान मिळालाच असें नाहीं. इस्पितळांतून कृष्णवर्णी परिचारिकांस जागा मिळणें दुरापास्त होतें. मेरीबाईंनीं खाजगी घरीं शुश्रूषा करण्याचा मार्ग धरिला. त्यांची शांत वृत्ति व हातचें नेटकें काम यांचा लौकिक इतका वाढला कीं दुसऱ्या प्रांतांतूनही त्यांस बोलावणीं येऊं लागलीं. त्या काळीं पुष्कळ घरांत परिचारिकेस मोलकरणीप्रमाणें वागवीत. मेरीबाई नोकरांच्या पंक्तीस न बसतां स्वयंपाकघरांत एकट्याच जेवीत, असें सांगतात. हा गर्व नव्हे. त्यांनीं स्वतः मोलकरणीचें काम केलें होतें, आणि त्यांस त्याची लाज नव्हती. परिचर्या ही शिकून मिळविलेली विद्या आहे, एवढेंच त्यांस लोकांच्या मनावर ठसवावयाचें होतें.

एकटी आंत गेली आणि दार पुन्हां लागलें, तर लाभ काय? हें मेरीबाई जाणून होत्या. मार्था फ्रँकलिन या कृष्णवर्णी परिचारिकेनें देशभरच्या आपल्या भगिनींस १,५०० हून अधिक पत्रें पाठविलीं. त्यांतून १९०८ सालीं न्यूयॉर्क शहरांतील सेंट मार्क मेथडिस्ट मंडळीच्या मंदिरांत ५२ परिचारिका जमल्या, व त्यांनीं कृष्णवर्णी पदवीधर परिचारिकांची राष्ट्रीय संस्था स्थापिली. मेरीबाईंनीं या कामास मनापासून पाठिंबा दिला. १९०९ सालीं बॉस्टन येथें संस्थेची पहिली परिषद भरली, तेव्हां स्वागताचें भाषण त्यांनींच केलें, आणि शिक्षणांत कृष्णवर्णी मुलींस होणाऱ्या अन्यायाकडे सर्वांचें लक्ष वेधिलें. परिषदेनें त्यांस संस्थेच्या धर्मोपदेशक नेमिलें. पुढें कांहीं काळ त्यांनीं न्यूयॉर्क प्रांतांत कृष्णवर्णी मुलांच्या अनाथालयाची व्यवस्था पाहिली. १९२० सालीं अमेरिकेंतील स्त्रियांस मताधिकार मिळाला, तेव्हां पंचाहत्तरीस आलेल्या मेरीबाईंनीं बॉस्टनमध्यें आपलें नांव मतदारांत नोंदविलें. ४ जानेवारी १९२६ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या मागें काम थांबलें नाहीं. १९३६ सालीं त्या संस्थेनें मेरीबाईंच्या नांवानें पारितोषिक सुरू केलें. दुसऱ्या महायुद्धांत प्रथम अमेरिकेच्या सैन्यानें अवघ्या ५६ कृष्णवर्णी परिचारिका घेतल्या. संस्थेच्या मेबल स्टॉपर्स यांनीं नेटानें लढा दिल्यावर १९४५ सालीं ही मर्यादा उठली. दक्षिणेकडील कित्येक प्रांतांच्या परिचारिका संघांत कृष्णवर्णी स्त्रियांस मज्जाव होता, म्हणून १९४८ सालीं राष्ट्रीय संघानें त्यांस थेट सभासद होण्याची मोकळीक दिली. आतां निराळ्या संस्थेची गरज उरली नाहीं, असें मानून १९५१ सालीं मेरीबाईंच्या सोबतिणींची संस्था त्या संघांत मिळून गेली. संस्थेनें आपलें काम पुरें होतांच स्वतःस विसर्जित करावें, हें उदाहरण विरळा.

या चरित्रांतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही कीं ज्यांच्या हातीं दाराची किल्ली आहे त्यांनीं, येणाऱ्याचें कूळ व वर्ण न पाहतां, त्याची हुशारी व चिकाटी पाहावी. फरशी पुसणाऱ्या हातांत नाडी पाहण्याचें कसब असूं शकतें. तें असल्यास त्यास शिकण्याची संधि द्यावी. दुसरी गोष्ट, जो आंत गेला त्यानें दार मागें ओढून घेऊं नये. मेरीबाईंनीं स्वतःचा दाखला मिळविण्यास १६ महिने घालविले, पण आपल्यामागून येणाऱ्या मुलींस तो मिळावा म्हणून त्या उतारवयांतही झटत राहिल्या. आपल्या गांवांतली एखादी गरीब मुलगी शिकूं पाहत असेल, तर तिच्या आईबापांस धीर देणें व शाळेपर्यंतची वाट तिला दाखविणें, एवढें काम आपल्यापैकीं प्रत्येकास करितां येण्यासारखें आहे.