बढती नाकारली म्हणून मास्तरने नोकरी सोडली आणि निवडुंगाच्या माळावर कारखान्याचं गाव वसवलं

मुंबईची व्हीजेटीआय म्हणजे इंजिनिअरिंग करू पाहणाऱ्या पोरांचं आजही स्वप्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच संस्थेत एक मराठी मास्तर यंत्रांचं ड्रॉइंग शिकवायचा. नोकरी पक्की होती. बरीच वर्षं काम केल्यावर बढतीची वेळ आली, तेव्हा हक्काची जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला.

मास्तरने राजीनामा दिला आणि थेट बेळगाव गाठलं.

या मास्तरचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. (संगीत नाटकवाले ते अण्णासाहेब किर्लोस्कर. ते वेगळे, पण गाव एकच, बेळगावजवळचं गुर्लहोसूर.)

खरं तर लक्ष्मणरावांचा मार्ग बदलण्याची ही दुसरी वेळ होती. जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचं म्हणून घरच्यांचा विरोध पत्करून १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांत लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला याहून वाईट बातमी कोणती? रंग सुटले, पण रेषेवरचा हात पक्का होता. रेषेला रंग लागत नाही, म्हणून ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि त्यातूनच मास्तरकी मिळाली. रिकाम्या वेळात ते वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं हाताळायचे.

राजीनाम्याची गोष्ट सांगताना एक तपशील बऱ्याचदा गाळला जातो. लक्ष्मणरावांनी हवेत उडी मारली नव्हती. नोकरीत असतानाच थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे. सायकल चालवायला शिकवण्याची फी १५ रुपये, तीही त्या काळात! त्यामुळे नोकरी सुटली तेव्हा पाय टेकायला जागा होती.

पण सायकल विकणं म्हणजे दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकणं. लक्ष्मणरावांना स्वतः काहीतरी बनवायचं होतं. त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लाकडी नांगरापेक्षा तो जमीन खोल नांगरायचा.

आणि इथे सगळं अडलं. लोखंडामुळे जमिनीत विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर तयार होता, पण घ्यायला कुणी पुढे येईना. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्यालाही दोष देता येत नाही. वर्षाचं पीक पणाला लावून नवी वस्तू वापरून बघणं त्याला परवडणारं नव्हतं.

नांगर कुठे विकायला लागले, तोवर बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. वयाची चाळिशी आलेली, बायको-मुलं, सोबतचे कामगार आणि यंत्रं, एवढं सगळं घेऊन जायचं कुठे?

मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. योगायोग बघा, हे राजे स्वतः चित्रकार! रंगांनी दगा दिलेल्या माणसाला एका चित्रकार राजाने हात दिला. त्यांनी १०,००० रुपयांचं कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंग माजलेला उजाड माळ, त्यात नागांचा सुळसुळाट.

१९१० मध्ये लक्ष्मणराव आणि रामूअण्णा मोजक्या सहकाऱ्यांसह तिथे राहायला आले. निवडुंग तोडत, साप हटवत कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती कामगारांची घरंही. नांगरामागोमाग तिथून इतर अवजारं निघू लागली, पुढे पाण्याचे पंपही. औंध संस्थानातल्या एका माळावरचं नाव शेतकऱ्यांच्या विहिरींपर्यंत पोचलं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. कुंडल रोड हे स्टेशनचं नाव केव्हाच मागे पडलंय. सांगली जिल्ह्यात त्या ठिकाणी गाडी थांबते तेव्हा पाटीवर नाव दिसतं, किर्लोस्करवाडी.