आईच्या मांडीवरची शाळा

सुमारे चारशे वर्षांपूर्वी युरोपातील बहुतेक शाळांत छडी आणि पाठांतर यांचेच राज्य होते. लहान मुलांच्या मनाचा विचार फारसा कोणी करीत नसे. अशा काळात, तान्ह्या मुलालाही मान दिला पाहिजे असे सांगणारे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊन गेले. त्यांचे नाव यान आमोस कोमेनियस.

त्यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हिया प्रांतात झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात आहे. बालपणीच ते आईबापांना पारखे झाले. लॅटिन शाळेत जाण्याचा योग सोळाव्या वर्षी आला. पुढे जर्मनीत विद्या संपादन करून ते फुलनेक गावी धर्मोपदेशक झाले. तोच १६१८ साली धर्मयुद्ध पेटले. कोमेनियस प्रॉटेस्टंट, तर राजा कॅथलिक. त्यांना रानोमाळ लपून राहावे लागले. १६२२ साली त्यांची पत्नी आणि दोन लहान मुले प्लेगला बळी पडली. अखेर १६२८ साली त्यांनी मायभूमी सोडली व पोलंडमधील लेश्नो गावी आश्रय घेतला.

ज्याची स्वतःची बाळे गेली, त्याने तेथे इतरांच्या बाळांसाठी लेखणी उचलली! आईबापांसाठी लिहिलेले त्यांचे छोटे पुस्तक १६३३ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. मूल ही देवाने सोपविलेली ठेव आहे, सोन्यारुप्याहून मोलाची, ही त्यांची श्रद्धा होती. म्हणून पहिली सहा वर्षे आईची मांडी हीच मुलाची शाळा असावी, त्यापूर्वी त्याला पंतोजींच्या हाती देऊ नये, असे त्यांनी आग्रहाने प्रतिपादिले. आईने बाळाला स्वतः अंगावर पाजावे. घरच्यांनी त्याच्याशी खेळावे, गावे, बोलावे. मुलाला स्वस्थ बसवू नये. मुंगीसारखे सतत काहीतरी करू द्यावे. खेळायला लाकडी गाडे आणि ठोकळे द्यावेत. पाळणा कोणता आणि आईची कूस कोणती हे बाळाला कळू लागले, की त्याचा भूगोल सुरू झाला, असे ते मानीत. नवजात बाळाच्या रडण्यातही त्यांना संगीताचा आरंभ दिसे! वाचताना हसू येते खरे. पण थोडा विचार केला की पटते.

दैव मात्र त्यांच्यावर रुसलेलेच राहिले. १६५६ साली युद्धात लेश्नो जळाले. चाळीसहून अधिक वर्षे खपून सिद्ध केलेला शब्दकोश, घर, ग्रंथ, सारे भस्मसात झाले. वृद्ध कोमेनियस ॲमस्टरडॅमला गेले. आणि दोनच वर्षांनी, १६५८ साली, मुलांसाठी त्यांचे चित्रमय पाठ्यपुस्तक बाहेर पडले. युरोपभर ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी त्यांचे देहावसान झाले. हॉलंडमधील नार्डेन येथे त्यांची समाधी आहे. आईबापांसाठी मायबोलीत लिहिलेले ते मूळ पुस्तक मात्र चेक भाषेत छापले जाण्यास १८५८ साल उजाडले.