अनुताई निवृत्त झाल्या नाहीत, सेविकांचे काय?

खास प्रतिनिधी, डहाणू

अंगणवाडी आज देशभरातील खेडोपाडी पोहोचली आहे. तिच्या मुळाशी असलेला प्रयोग मात्र डहाणू तालुक्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे झाला, आणि त्या प्रयोगासाठी ज्यांनी अवघे आयुष्य वेचले, त्या म्हणजे पद्मश्री अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळाच्या रीतीप्रमाणे त्यांचे आयुष्य माजघरातच संपायचे. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी करीत असतानाच १९३७ मध्ये त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली. पदवी मिळाली ती १९६१ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी.

१९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांची गाठ पडली आणि अनुताईंनी पुण्यातील स्थिर नोकरी सोडून बोर्डी गाठली. तेथे त्याच वर्षी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू झाले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. शिंपले, बिया, पाने, खडे हीच शिक्षणाची साधने ठरली. पुढे संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली.

सरकारी नोकरदार ज्या वयात निवृत्तिवेतनाची कागदपत्रे जुळवितो, त्या वयात अनुताईंचा भार वाढला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले, तेव्हा अनुताई ६३ वर्षांच्या होत्या. संस्थेची धुरा त्यांनी खांद्यावर घेतली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, देह ठेवीपर्यंत कामातून निवृत्ती घेतली नाही. त्यांना पद्मश्री, तसेच १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला.

हा त्याग वंदनीय खराच. परंतु एका व्यक्तीने स्वेच्छेने केलेला त्याग हा लाखो स्त्रियांच्या सेवेचा नियम होऊ शकतो काय?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी सरकारी झाली. सेविका व मदतनीस मात्र सरकारी झाल्या नाहीत. सरकारलेखी त्या मानसेवी असून त्यांना वेतन नव्हे, तर मानधन मिळते. त्यामुळे सरकारी कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन त्यांना लागू होत नाही. सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी दिला. तरीही ग्रॅच्युइटी व निवृत्तिवेतनासह अनेक मागण्यांसाठी राज्यातील सेविकांना डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा दीर्घ संप करावा लागला.

असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये आलेली प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना साठीनंतर दरमहा तीन हजार रुपये देऊ करते. पण तिच्यात १८ ते ४० या वयातच नाव नोंदविता येते. आयुष्याची उमेद अंगणवाडीत घालविलेल्या पन्नाशीच्या सेविकेसाठी तिचे दार बंदच आहे. आजारपणासाठी आयुष्मान भारत योजनेचे छत्र सेविकांना देण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली, हा एक दिलासा.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आजही सकाळी अंगणवाडी भरते. अनुताईंच्या पाठीशी संस्था होती, सहकारी होते. निवृत्तीनंतर पाड्यावरच्या सेविकेच्या पाठीशी कोण, याचे उत्तर शासनाने द्यावयाचे आहे. अनुताईंच्या कार्याचे खरे स्मरण त्या उत्तरातच असेल.