मलेरियाचं औषध जवळच होतं, तरी माणसं गेली! डॉ. लिव्हिंगस्टनची ही गोष्ट माहितीये?

व्हिक्टोरिया धबधब्याला हे नाव देणारा डेव्हिड लिव्हिंगस्टन. १८१३ साली स्कॉटलंडमध्ये जन्म, दहाव्या वर्षी सूतगिरणीत कामाला. तिथून शिकत तो डॉक्टर झाला आणि १८४१ मध्ये मिशनरी म्हणून आफ्रिकेत पोचला.

तिथे गाठ पडली मलेरियाशी. त्याने क्विनाइन आणि जुलाबाची औषधं एकत्र करून गोळी बनवली. ताप येताच ती दिली, तर बरेच रुग्ण उठून बसायचे.

पण औषध असणं आणि वेळेवर मिळणं यात फरक असतो.

१८६० मध्ये लिन्यांती गावात आलेली मिशनरी कुटुंबं आजारी पडली. एकामागून एक माणसं दगावली. लिव्हिंगस्टनच्या मते हा तापच होता. तो तिथे पोचला तेव्हा कळलं, की १८५३ मध्ये त्याने मागे ठेवलेली गाडी तशीच उभी होती. आत औषधांची पेटी होती, काहीशे पावलांवर! मरणाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

१८६२ मध्ये झांबेझीकाठी त्याची पत्नी मेरी तापाने गेली. औषध हाताशी होतं, नवरा डॉक्टर होता, पण सततच्या उलट्यांमुळे गोळी पोटात टिकलीच नाही.

१८६७ मध्ये पळून गेलेल्या हमालांबरोबर त्याची औषधांची पेटीच गेली. चार वर्षांनी स्टॅन्लीने मदत आणली, तोवर शरीर खंगलं होतं. १८७३ मध्ये, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात, मलेरिया आणि रक्ती आवेने त्याचा अंत झाला. सोबत्यांनी त्याचा देह खांद्यावरून शेकडो मैल चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. त्यांत नाशिकच्या शरणपूरमध्ये शिकलेला जेकब वेनराइटही होता.

आज औषधं कितीतरी चांगली आहेत. उलट्या होणाऱ्या लहान मुलांना गुदद्वारातून देता येणारं आर्टेसुनेट आहे. ते दिलं, की दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ मिळतो. तरीही मलेरियाने होणाऱ्या जगातल्या सुमारे ९५ टक्के मृत्यूंची नोंद आफ्रिकेत होते, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं.

कारण ताप एका दिवसात जीवघेणा होऊ शकतो आणि दवाखाना लांब असतो. पावसात रस्ता बंद होतो, गाडीभाड्याला पैसे नसतात, कधी पोचल्यावर गोळ्याच संपलेल्या असतात.

लिन्यांतीची ती पेटी आजही अनेक गावांपासून लांबच उभी आहे.