न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि एक जामीन

जव्हारच्या न्यायालयाच्या आवारात सकाळी जी माणसे भिंतीला टेकून बसलेली दिसतात, त्यांतील पुष्कळजण मोखाड्याच्या पाड्यांवरून पहिल्या एस.टी.ने आलेली असतात. कोणाचा मुलगा आत असतो, कोणाचा भाऊ. वकील मिळालेला असतो, न्यायाधीशांनी जामिनाचा हुकूमही दिलेला असतो. अडते ते जामीनदारापाशी. जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याला ऐपतीचा दाखला मिळू शकतो, असा माणूस. ज्यांच्या घरात सातबाराच नाही, त्यांनी तो आणायचा कुठून?

मागच्या वर्षी जुम्याच्या नमाजनंतर आमच्या मशिदीतील एक वयस्क नमाजी मागे थांबले. त्यांच्या वाडीवर अनेक वर्षे मजुरीला येणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा अटकेत होता. मोबाइलवर त्याने आपल्या दीनाविषयी काही ओंगळ मजकूर पसरवला, असा आरोप होता. मुलगा आपल्या समाजाचा नव्हे. बाप हात जोडून यांच्या दारी आला होता, सातबारा मागत. मौलाना, मी जामीन राहू का, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यामागे दुसरा, न विचारलेला प्रश्न होता: लोक काय म्हणतील?

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. बसा म्हणालो, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या एका मुस्लिम न्यायमूर्तींची हकीकत सांगितली. तीच येथे जरा विस्ताराने मांडतो.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील तय्यबअली मूळचे खंभातकडील सुलेमानी बोहरा व्यापारी. इंग्रजी शिक्षण म्हणजे ईमान गमावणे, असा समज समाजात घट्ट असताना या व्यापाऱ्याने आपले मुलगे विलायतेला पाठवले. थोरले कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन यांनी आधी मदरशात उर्दू-फारसीचा पाया घातला, पुढे एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्लंडला गेले. तेथे डोळ्यांच्या विकाराने त्यांना गाठले. शिक्षण अर्धवट टाकून १८६४ साली परतावे लागले. पण वर्षभराने ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबई उच्च न्यायालयातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. डोळ्यांचा तो त्रास जन्मभर पुरला. मदरशातील दिव्याखाली हिदायाची टीप वाचून डोळे दुखू लागले की आम्ही विद्यार्थी किताब मिटत असू. हा मनुष्य तशाच डोळ्यांनी खटल्यांचे कागद वाचत राहिला.

वकिलीत जम बसल्यावर ते सार्वजनिक कामात उतरले. १८७३ साली महानगरपालिकेत, १८८२ साली मुंबईच्या विधिमंडळात. १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे ते एक संस्थापक. आज बोरीबंदरासमोर अंजुमनची जी भव्य इमारत दिसते, ती उभी राहण्यामागे त्यांची वर्षानुवर्षांची खटपट आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले अंजुमनच्या शाळा-महाविद्यालयांत शिकली असतील. १८८३ साली इल्बर्ट विधेयकाचा वाद पेटला. हिंदी न्यायाधीशाला गोऱ्या आरोपीचा खटला चालवता यावा की नाही, एवढाच प्रश्न होता. पण गोऱ्या समाजाने रान उठवले. मुंबईत विधेयकाच्या बाजूने जे थोडे आवाज उमटले, त्यांत फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या बरोबरीने बद्रुद्दीन यांचा आवाज होता. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. १८८५ साली या तिघांनीच बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनच्या उभारणीत पुढाकार घेतला.

१८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. काँग्रेसचे ते तिसरे अध्यक्ष, आणि पहिले मुसलमान. सर सय्यद अहमद खान यांना हे मुळीच रुचले नाही. बहुमताच्या राज्यात आपला समाज बुडून जाईल, ही त्यांची भीती. बद्रुद्दीन यांनी ती भीती हसण्यावारी नेली नाही, आणि तिच्यापुढे हातही टेकले नाहीत. त्यांच्या आग्रहामुळे पुढील वर्षी काँग्रेसने एक नियम स्वीकारला. हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींनी एकमुखाने अथवा जवळजवळ एकमुखाने ज्या विषयाला हरकत घेतली, तो विषय चर्चेतून गळावा, असा त्याचा आशय. सार्वजनिक हितासाठी सर्वांनी एकत्र यावे. पण त्या एकत्रपणाच्या नावाखाली कोणावर ओझे लादू नये. या नियमाची थोरवी आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्यांच्या सर्वच मतांशी मी सहमत आहे, असे वाचकांनी समजू नये. पडद्याच्या प्रश्नावर ते आपल्या काळाच्या फार पुढे, आणि माझ्या मते क्वचित शरीअतच्या चौकटीच्या कडेपर्यंत गेले. त्यावरून त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. तो वाद आज येथे उकरून काढत नाही. १८९५ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि दोन वर्षांत तो प्रसंग आला.

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. वाचकांना हा कायदा अपरिचित नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात हाच कायदा लागू झाला आणि त्या रमजानमध्ये आपण तरावीह घरात पढली, ईदगाह रिकामी ठेवली. साथीच्या गावात जाऊ नये आणि त्या गावातून पळून बाहेर पडू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे, अमवासच्या प्लेगच्या वेळी हजरत उमर (रजि.) वाटेतून माघारी फिरले, हेही आपण जाणतो. तेव्हा दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून स्वतःच्या हालचालीला आवर घालणे आपल्याला परके नाही.

पण १८९७ साली पुण्यात जे घडले, ते आवर घालण्यापलीकडचे होते. प्लेग अधिकारी रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सैनिक घरांत शिरत, माजघरापर्यंत जात, बायकामाणसांची अब्रू आणि देवघराचे पावित्र्य यांची पर्वा करीत नसत, अशा तक्रारी झाल्या. ही जखम एका समाजाची नव्हती. पुढील वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात मोमीन विणकरांच्या वस्तीत घरझडतीवरूनच दंगल उसळली. हेतू रास्त असला तरी हुकूम बजावणारा हात माणुसकी सोडतो, तेव्हा लोक मूळ हेतूवरही विश्वास ठेवेनासे होतात.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावले, रँड काही दिवसांनी. सरकार चवताळले. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या केसरीत, शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त छापून आला होता. त्यात अफजलखानाच्या वधाचा ऊहापोह होता आणि ते कृत्य दोषास्पद नव्हते, असे प्रतिपादन होते. या मजकुराने राज्याविरुद्ध अप्रीती पसरवली, असे म्हणून २७ जुलैला मुंबईत बाळ गंगाधर टिळकांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांनीही त्या टप्प्यावर तो दिला नाही. खटला सेशनकडे वर्ग झाल्यावर ऑगस्टच्या आरंभी बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी तो आला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमोर.

येथे क्षणभर थांबावे. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती आणि तिचे व्रण ओले होते. टिळकांच्या लेखणीविषयी मुसलमानांच्या मनात तेढ होती. आरोपाचा मजकूर तर अफजलखानाच्या वधाचाच. राजकारणातही टिळक आणि बद्रुद्दीन यांच्या वाटा निराळ्या. आणि समोर सरकारी वकील विरोधात उभा. न्यायमूर्तींनी नुसता आधीचा नकार कायम ठेवला असता, तर त्यांना कोणी एका शब्दाने बोलले नसते. स्वतःच्या समाजाने तर नाहीच.

त्यांनी जामीन दिला. त्यांची विचारसरणी अगदी सरळ होती. जामिनाचा हेतू आरोपीला शिक्षा देणे नसून तो खटल्याच्या दिवशी हजर राहील याची खात्री करणे, एवढाच आहे. हा मनुष्य पळून जाईल असे मानायला आधार नाही. खटला उभा राहायला महिना लागेल. तोवर त्याला कोठडीत ठेवले आणि शेवटी तो निर्दोष ठरला, तर त्या महिन्याची भरपाई कोणी करायची? शिवाय बचावाची तयारी करायला त्याला मोकळीक हवी. पन्नास हजारांचे जातमुचलक आणि पंचवीस-पंचवीस हजारांचे दोन जामीनदार, या अटींवर टिळक बाहेर आले.

लेखात काय लिहिले होते, ते बरे की वाईट, याविषयी त्यांनी त्या दिवशी निवाडा केला नाही. तो त्या दिवसाचा प्रश्नच नव्हता. लेखणीने केलेल्या कृत्याचा जाब खटल्यात विचारला जाईल. आज प्रश्न आहे तो अद्याप दोषी न ठरलेल्या माणसाच्या मोकळेपणाचा. या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत, आणि माझ्या दृष्टीने त्यांच्या साऱ्या आयुष्यातील हे सर्वांत कठीण काम होते. ज्याचे मन दुखावले आहे त्यालाच ते करावे लागते. ज्याला काहीच खुपत नाही, त्याला त्यात कष्ट कसले?

मदरशात हिदाया शिकताना किताबुल कफाला येते. त्यात कफाला बिन्नफ्स हा प्रकार आहे: एखाद्याच्या देण्याची नव्हे, तर त्या माणसाला ठरल्या वेळी हजर करण्याची हमी. कफील होणारा माणूस आरोपीच्या कृत्याची ग्वाही देत नाही. तो फक्त त्याच्या येण्याची ग्वाही देतो. फुकहांनी हे शेकडो वर्षांपूर्वी इतके स्वच्छ मांडले आहे. सूरह निसामधील त्या आयतींचा संदर्भही आठवतो, ज्या मदीनेत चोरीचा आळ एका यहुद्यावर ढकलला गेला तेव्हा उतरल्या. चोरी करणारा स्वतःला मुसलमान म्हणवणारा होता, त्याचे कुळ त्याच्या पाठीशी उभे होते. आणि अल्लाहने निर्दोष ठरवले ते यहुद्याला. बद्रुद्दीन यांनी निकाल देताना या आयती मनात आणल्या की नाही, हे अल्लाहच जाणे. निकाल मात्र त्यांच्या वळणाचा होता.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर खटला चालला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्यूरींनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. आणि ज्या दावरांनी हा जामीन मागितला, तेच १९०८ साली न्यायमूर्तीच्या आसनावरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणार होते. तो दिवस पाहायला बद्रुद्दीन उरले नाहीत. १९०२ साली त्यांनी हंगामी मुख्य न्यायमूर्तिपद भूषवले. मुंबईत हा मान मिळालेले ते पहिले हिंदी. १९०३ साली मुंबईत भरलेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले.

त्या काळी जव्हार हे मुकणे राजांचे संस्थान होते आणि मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. मुंबईच्या त्या निकालाची खबर या डोंगरांत पोहोचली होती की नाही, कोण सांगणार?

आमच्या नमाजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी एकच विचारले: पोरगा तारखेला आला नाही तर? मी म्हणालो, तर कफील म्हणून त्याला हजर करणे तुमच्यावर येईल, आणि न्यायालय तुमच्याकडून पैसेही मागेल. हे पत्करायची तयारी असेल तरच सही करा. आणि त्याने जे लिहिले? त्याचा जाब न्यायालय विचारील, आणि आखिरतमध्ये अल्लाह.

सोमवारी ते ऐपतीच्या दाखल्यासाठी रांगेत उभे होते. पुढच्या जुम्याला दोघातिघांनी त्यांच्या सलामला उत्तर दिले नाही. ते नेहमीच्या जागी, दुसऱ्या सफेत, खांबाजवळ बसले. मुलगा आतापर्यंत चार तारखांना हजर राहिला आहे. प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळी हे स्वतः त्याच्या पाड्यावर जाऊन आठवण करून देतात.