चुन्याचे मडके आणि कुमारप्पा

हळदीत चुना कालवला की ती लालभडक होते, आणि त्या लालीवर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी पडते. लहानपणी हा खेळ न खेळलेला मराठी माणूस विरळाच. पुढे शाळेत गुरुजी त्याचे शास्त्र सांगतात. चुना म्हणजे कॅल्शियम या धातूचे हायड्रॉक्साईड. त्याची आम्लाशी गाठ पडली की दोघांचाही स्वभाव मावळतो. उरतो तो क्षार आणि पाणी. हायड्रोक्लोरिक आम्लासारखे जहाल आम्ल आणि कातडी सोलून काढणारा कॉस्टिक सोडा योग्य प्रमाणात एकत्र आले, तर भांडे तापते आणि शेवटी हाती येते ते आपल्या आमटीतले मीठ! पुस्तकात याला उदासिनीकरण असे रुक्ष नाव आहे. परीक्षा झाली की आपण ते विसरतो. वर्ध्यात मात्र एका माणसाने या क्रियेच्या आधारावर गरिबाच्या पोटापाण्याचा हिशेब मांडला होता. आणि गंमत अशी की तो माणूस रसायनशास्त्रज्ञ नव्हता, हिशेबतपासनीस होता.

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला, एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला हिशेबतपासणीचे शिक्षण, मुंबईत भरभराटीचा व्यवसाय, अंगावर उंची सूट असा त्यांचा थाट होता. १९२७ साली ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात शिकताना त्यांनी हिंदुस्थानच्या सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला, आणि देश गरीब का झाला याचे उत्तर त्यांना आकड्यांतच सापडले. परत आल्यावर तो प्रबंध घेऊन ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीला गांधीजींना भेटायला गेले. झाडाखाली एक म्हातारा सूत कातत बसला होता. तेच गांधी, हे या रेशमी सुटातल्या पाहुण्याच्या ध्यानात यायला काही मिनिटे लागली! त्यानंतर सूट गेला, कॉर्नेलियस हे आडनावही मागे पडले आणि घराण्याचे जुने कुमारप्पा हे नाव पुन्हा आले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ‘यंग इंडिया’चे संपादन त्यांनी सांभाळले आणि त्यापायी तुरुंगही पाहिला.

हिशेबाच्या बाबतीत हा गृहस्थ कोणाचा मुलाहिजा ठेवणारा नव्हता. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधीजींसोबत येणाऱ्या मंडळींचा खर्चसुद्धा त्यांनी त्या निधीत धरू दिला नाही. असा माणूस गांधीजींना हवाच होता. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे मंत्री म्हणून वर्ध्यात आले. जमनालालजी बजाजांनी दिलेल्या बागेत संघाने बस्तान मांडले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी. तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाशा, साबण असे नाना प्रयोग तिथे सुरू झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले.

या सगळ्यांत ताडगुळाचा प्रयोग मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो. वर्ध्याच्या नाल्याकाठी, पडीक जमिनीत शिंदीची झाडे मुबलक. आपल्या विदर्भात झाडालाही शिंदी म्हणतात आणि त्याच्या दारूलाही शिंदीच! पण झाडाचा यात दोष काय? संध्याकाळी मडके बांधले की रात्रभर त्यात ठिबकते ती निर्मळ, गोड नीरा. हवेतले किण्व तिच्यात शिरते, साखरेची दारू होते, इतर जंतू तिच्यात आम्ल तयार करतात. उन्हे वर येईतो नीरा आंबून जाते. शिवाय आम्लाने साखर फुटते आणि मग कितीही आटवा, गूळ धरत नाही.

हे टाळायचे साधन एका पैशाचे होते. मडक्याला आतून चुन्याचा हात द्यायचा. तयार होणारे आम्ल चुना तिथल्या तिथे मारतो आणि त्याच्या अल्कधर्मी सहवासात किण्वाचेही फावत नाही. पहाटे मडके उतरवावे तर नीरा गोडच्या गोड. मात्र चुना जास्त झाला तर गूळ काळपट आणि बेचव होतो. तेव्हा उलट काम करायचे. नीरेत बेताने फॉस्फोरिक आम्ल किंवा सुपरफॉस्फेट घालायचे. सुपरफॉस्फेट हे खनिज फॉस्फेटवर गंधकाम्लाची क्रिया करून बनवतात. चुन्याचा फॉस्फेट होऊन तो साक्यासारखा खाली बसतो. रस गाळायचा आणि कढईत चढवायचा. आधी चुन्याने आम्ल मारायचे, मग आम्लाने चुना. प्रमाण चुकले की दिवसाची मेहनत वाया. गजानन नाईकांसारख्या जाणत्या कार्यकर्त्याने या कामाला स्वतःला वाहून घेतले होते.

कुमारप्पांनी यात पाहिला तो ताळेबंद. दारूबंदी हवी म्हणणारे पुष्कळ होते. पण बंदी झाल्यावर झाड छेदणाऱ्याने खायचे काय, हा प्रश्न फार थोड्यांना पडत होता. कुमारप्पांचे म्हणणे असे की त्याचे झाड, त्याचा कोयता, त्याचे कसब तेच राहू द्या. फक्त मडक्यात चुना येऊ द्या. दारू विकणारा मग गूळ विकेल. दुसरी बाजू जमिनीची. ऊस चांगली, पाण्याखालची जमीन अडवतो. शिंदी आणि ताड पडीक जागेत आपोआप वाढतात. गोडाची गरज या झाडांनी भागवली तर उसाखालची जमीन धान्याला मोकळी होईल. साखर कारखान्यांवर पोसलेल्या आपल्या महाराष्ट्राला हा हिशेब आजही रुचणार नाही. पण त्यातली बेरीज चुकलेली आहे असे मला तरी दाखवता येत नाही. अडचण होती ती अशी की नीरा आणि ताडी यांतले अंतर काही तासांचे. आबकारी खात्याच्या नजरेत मात्र झाड छेदणारा प्रत्येक माणूस संशयितच ठरे.

१९४२ च्या आंदोलनात ते पुन्हा तुरुंगात गेले. तिथेच त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ लिहिला. निसर्गाचे भांडवल खाऊन टाकायचे की त्याच्या व्याजावर जगायचे, हा त्यातला प्रश्न जगाने पुष्कळ उशिरा विचारायला घेतला. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. १९४९ मध्ये अहवाल दिला. दिल्लीच्या नियोजनाशी मात्र त्यांचे सूत जुळले नाही. जीभ तिखट, तडजोड ठाऊक नाही. इथे त्यांना उदासिनीकरण जमले नाही, असे कोणी थट्टेने म्हणेल!

मग ते वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोहला गेले. तिथे पन्नै आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. लग्न केले नव्हते, मालमत्ता नव्हती. प्रकृती ढासळल्यावर ते दक्षिणेत, मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला राहिले. ३० जानेवारी १९६०, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रासच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला.

वर्ध्यात मगनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. संग्रहालयही उभे आहे.